अर्धा ठोका उशीर

आमच्या बँडची ती रेकॉर्ड एके काळी घरोघरी होती. शब्द नाहीत, गाणारा नाही, नुसती पितळी वाद्यं. दाताच्या डॉक्टरकडे जा, कापडाच्या दुकानात जा, तीच चालू. लोक ट्रंपेटची चाल गुणगुणायचे. मी मागे ट्रॉम्बोनवर दोन-दोन सुरांची भर घालायचो. ती कुणाच्या लक्षात राहण्यासारखी नव्हतीच.

माझी बायको मात्र भांडी घासताना तेवढीच गुणगुणायची. पॉं पॉं, मग थांबायचं, परत पॉं पॉं. अगं, चाल म्हण की, असं मी म्हटलं तर म्हणायची, चाल म्हणायला सगळं गाव आहे, तुमचं कोण म्हणणार?

तिसऱ्या तुकड्यात एका जागी मी अर्धा ठोका उशिरा शिरलोय. रेकॉर्डिंगच्या वेळी कुणाला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे एकदा बँडची मंडळी जेवायला आली होती. स्वयंपाकघरात ही आपल्या नादात गुणगुणत होती, आणि नेमकी त्या जागी अर्धा ठोका उशिरा आली. ट्रंपेटवाला हसून म्हणाला, वहिनी अडखळल्या वाटतं. आता माझी चूक उघडी पडणार, असं मला वाटलं.

"तालाचा गंध नाही, तर तोंड कशाला उघडतेस?" मी सगळ्यांदेखत म्हणालो.

मंडळी हसली. तिने वाढता वाढता एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर माझ्यासमोर ती कधी गुणगुणली नाही. आज सांगू, उद्या सांगू करत एकतीस वर्षं गेली. शेवटच्या आजारपणातही उशाशी बसून मी फक्त औषधांच्या वेळा सांगत राहिलो.

तिला जाऊन आता दोन महिने होतील. काल सकाळी सूनबाई भांडी घासत होती आणि मला ऐकू आलं. पॉं पॉं. त्या जागी अर्धा ठोका उशीर.

कुठे शिकलीस, मी विचारलं. म्हणाली, तुम्ही बाहेर पडलात की आई म्हणायच्या. मग हात थांबवून तिने विचारलं, "का बाबा, चुकतंय का माझं?"

"नाही. रेकॉर्डवर तसंच आहे. तिथे मी चुकलोय."

"माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "आईंनी सांगितलं होतं. पण तुमच्यापुढे बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं."

मी तिला परत म्हणायला सांगितलं. ती जरा लाजली. मी पुढे होऊन नळ बंद केला.