सातव्या क्रमांकाचा सामना

निकिता घोडेगावची. तिचे वडील सोपान टेम्पोतून बाजाराची जनावरं ने-आण करत. शाळेमागच्या मैदानावर कल्याण सरांनी लोखंडी पाइपांचे गोलपोस्ट उभे करून गावातल्या पोरींना हँडबॉल शिकवला. त्यांतली एकटी निकिता थेट भारताच्या संघात गेली, गोलकीपर म्हणून.

तिथं गेल्यावर तिला कळलं की हा संघ बाहेरदेशी जाऊन बहुतेक हरतच आलाय. शिबिरात जेवताना थोरल्या खेळाडू जुन्या स्पर्धांच्या गोष्टी सांगत. कुठे वीस गोलांनी हरलो, कुठे तीस. सगळ्या हसत, पण गोलकीपर पोरींना हसू येत नसे. जाळ्यातून चेंडू काढून द्यायचं काम त्यांचं असे.

त्या वर्षीच्या आशियाई स्पर्धेतही तेच झालं. साखळीतले सगळे सामने गेले. शेवटच्या सामन्यात समोरच्या एका उंचपुऱ्या पोरीनं जवळून मारलेला चेंडू निकिताच्या डाव्या डोळ्यावर बसला. ती पडली, उठली आणि उरलेला वेळ खेळली. संध्याकाळी त्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले. दुसऱ्या दिवशी तर कुणी कडेनं पडदा ओढत आणावा तसा अंधार सरकत आला.

संघाच्या डॉक्टरांनी विचारलं, "नीट दिसतंय ना?"

"दिसतंय. नुसतं सुजलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या गोलकीपरचा गुडघा आधीच गेला होता. आणि सातव्या क्रमांकासाठीचा सामना ज्या संघाशी होता, तो त्यांच्यासारखाच हरत आलेला होता. जिंकता येईल असा तो एकच सामना उरला होता.

तो त्यांनी एका गोलानं जिंकला. शेवटचा चेंडू निकिताला दिसलाच नाही. मारणारीचा खांदा वळलेला पाहून तिनं पाय टाकला आणि चेंडू पायाला लागून बाहेर गेला. पोरींनी तिला उचलून घेतलं, रडल्या, नाचल्या. परतल्यावर विमानतळावर घ्यायला कुणी आलं नव्हतं.

पुण्यात ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. डोळा गेला. पोलीस भरतीची ती तयारी करत होती, तीही तिथंच थांबली.

सोपानरावांचा सगळा राग कल्याण सरांवर गेला. त्यांनीच पोरीला खेळाच्या नादी लावलं, असं ते भेटेल त्याला सांगत. गावानं आपापल्या पोरी मैदानावरून काढून घेतल्या. एका बाजाराच्या दिवशी तर सोपानरावांनी चहाच्या टपरीवर चारचौघांत सरांची कॉलर धरली. सर खाली मान घालून उभे राहिले.

घरी कळलं तेव्हा निकिता वडिलांसमोर जाऊन बसली.

"आबा, सरांचा काय दोष न्हाई. डॉक्टरांनी इचारलं हुतं मला, दिसतंय का म्हनून. मी दिसतंय म्हनले."

"आन् दिसत न्हवतं?"

"न्हवतं."

चुलीपाशी तिच्या आईचे, विमलबाईंचे, भाकरी थापणारे हात थांबले.

"कशापाई केलंस गं?" सोपानराव म्हणाले.

"एकदा तरी जिंकायचं हुतं."

"सातवा नंबर?"

"व्हय. सातवा."

ते उठून दाराशी गेले. मग म्हणाले, "डोळा गेला तो गेला. दुसऱ्यानं घालवला, एवढं तरी म्हनता येत हुतं मला." त्यानंतर कित्येक दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. सरांकडे ते काही गेले नाहीत.

उन्हाळ्यात सरांनी खर्डा गावच्या शाळेत बदली करून घेतली. सामान भरत असताना निकिता त्यांच्याकडे गेली. आबांच्या वतीनं माफी मागायची म्हणून तिनं तोंड उघडलं, तर सरांनी हातानंच थांबवलं. एक खोकं तिच्यासाठी सरकवलं.

"बस. सामना कसा झाला ते मला अजून कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

तिनं पहिल्या शिट्टीपासून सांगितलं. कुठला फटका कुठून आला, बचाव कुठं फुटला, मध्यंतराला कोण काय म्हणालं. सर मधूनमधून एखादा प्रश्न विचारत, आणि तीही हात पसरून दाखवत होती. गेल्या कित्येक महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती.

सामानाची गाडी गेल्यावर ती घराकडे निघाली. रस्ता ओलांडताना डावीकडची वाहनं दिसावीत म्हणून आता पूर्ण मान वळवावी लागे. आज ती मान वळवायला विसरली. मोटारसायकलवाला करकचून ब्रेक दाबून तिच्यावर ओरडला, "दिसत न्हाई का?"

तो निघून गेल्यावर तिनं मान वळवून बघितलं आणि रस्ता ओलांडला.