येते हं

धाकटीनं छत्रीचं कार्ड राणीसाहेबांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि इथल्या भाषेतला छत्रीचा शब्द तोंड मोठं उघडून, अगदी सावकाश म्हटला. राणीसाहेबांनी आधी कार्डाकडे पाहिलं, मग धाकटीच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. छत्रीची गरज कुणालाच नव्हती.

“बरं, राहिलं,” धाकटी मराठीत म्हणाली आणि कार्डांचा गठ्ठा तिनं मांडीवर ठेवला.

‘राणीसाहेब’ हे नाव तिनंच ठेवलेलं. म्हातारी चाकाच्या खुर्चीतही पाठ न टेकता ताठ बसे. मेंदूला झटका येऊन तिचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात आणि बोलण्यात गेलेली बाई, आणि आता तोंडातून हूं की चूं नाही.

धाकटी कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत आई-बाबांबरोबर परदेशात ताईकडे आली होती. बऱ्याच वर्षांनी सगळं घर एका छपराखाली जमलं होतं, आणि छप्पर दोनच खोल्यांचं असल्यामुळे जो तो दुसऱ्याच्या पायात येत होता. बाबा दिसेल तो नळ दुरुस्त करत सुटले होते. न गळणारा नळ त्यांनी गळता केला, तेव्हा भावजींनी हळूच पाना लपवून ठेवला. शेवटी ताईनंच धाकटीला जवळच्या इस्पितळात स्वयंसेवक म्हणून चिकटवून दिलं. सेवाही होईल आणि भाषाही सुधारेल, असं तिचं म्हणणं.

भाषा कसली सुधारतेय! कॉलेजात शिकलेली भाषा वॉर्डात पाऊल टाकताच दगा देऊन गेली. पहिल्याच दिवशी एका आजोबांना ‘तुमची उशी नीट करू का’ असं विचारायचं होतं, ते ‘तुमची बायको नीट करू का’ असं विचारून ती मोकळी झाली. “अवश्य कर,” म्हणून आजोबा खोकला येईस्तोवर हसले. शेजारी बसलेल्या आजी मात्र हसल्या नाहीत. तेव्हापासून धाकटीला तिथं तोंड उघडायचीच धास्ती बसली होती.

फक्त राणीसाहेबांपाशी तिला बरं वाटे. बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टबाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, पेशंटशी फक्त इथल्या भाषेत बोलायचं, आधीच विस्कटलेल्या डोक्यात आणखी भर नको. धाकटीनं मान डोलावली होती. पण कार्डं संपली की तिचे शब्दही संपत, आणि दुपार तर सगळी उरलेली असे. मग ती जे सुचेल ते मराठीत सांगत सुटे. बाबांचे नळ, भावजींचा पाना, ताई आणि आईमधली धुसफूस. राणीसाहेब तिच्या ओठांकडे टक लावून ऐकत. नाहीतरी हिला काय कळतंय, असं म्हणत धाकटीनं त्यांना पुष्कळ काही सांगून टाकलं, जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दोघींची वाचा त्या वॉर्डात बसलेली होती, एकीची झटक्यानं आणि दुसरीची व्याकरणानं.

निघताना ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवी आणि सवयीनं म्हणे, “येते हं.”

ही सवय आईची. सकाळी बूट घालता घालता धाकटी ओरडायची, “आई, जाते गं.”

“जाते काय? येते म्हण.”

“येते.”

“ये.”

हे ‘ये’ ऐकल्याशिवाय दाराबाहेर पडायचं नाही, असा लहानपणापासूनचा दंडक होता. ताई मात्र ‘बाय’ म्हणून निघून जायची आणि आईचं ‘ये’ तोंडातच राहायचं. एकदा भाजी चिरता चिरता आई म्हणाली, “विमानतळावर हिनं पण ‘येते’च म्हटलं होतं. चांगलं मोठ्यानं.” परदेशी गेल्यापासून ताई एकदाही घरी आली नव्हती. दर वर्षी काही ना काही आडवं आलं होतं, कधी नोकरी, कधी कागदपत्रं, कधी नुसताच कंटाळा. आई हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

राणीसाहेबांचा एकुलता एक मुलगा बस चालवायचा. धिप्पाड, मिशाळ माणूस. पाळी संपली की गणवेशातच यायचा, टोपी काढून आईच्या पलंगावर ठेवायचा, आज कुठल्या वळणावर कोण आडवं आलं ते सांगायचा आणि मग तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. एका संध्याकाळी थेरपिस्टबाईंनी त्याला दाराशी बोलावून घेतलं. धाकटी कार्डं आवरत होती, तिला सगळं ऐकू आलं.

“इतक्या दिवसांत एक शब्दसुद्धा नाही आला,” बाई म्हणाल्या. “ही जागा आता दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. सोमवारी त्यांना वरच्या मजल्यावर हलवू. तिथे त्यांची काळजी छान घेतील.”

“आणि बोलायचं शिकवणं?”

“वर ते नसतं.”

वरून कुणी पुन्हा खाली येत नाही, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा टोपी हातात फिरवत उभा राहिला. मग परत येऊन धाकटीच्या शेजारी बसला.

“माझ्याशी ती शेवटचं काय बोलली, सांगू?” तो म्हणाला. “दूध संपलंय, एवढंच. मी ‘हो’ म्हणून निघालो, आणि दुपारी फोन आला. आणखी काहीही म्हणू दे. शिवी दिली तरी चालेल. पण ते दूध शेवटचं राहायला नको.”

धाकटीनं गठ्ठ्यातून दुधाचं कार्ड काढून वेगळं ठेवलं.

सोमवारी नर्सनं राणीसाहेबांचं सामान पिशवीत भरलं. मुलानं खुर्ची धरली. थेरपिस्टबाई आणि धाकटी मागून चालल्या. उशीवाल्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. खुर्ची दाराच्या चौकटीशी आली, आणि राणीसाहेबांनी डावा हात बाहेर काढून चौकट घट्ट धरली. मुलगा थांबला. त्यांनी मान वळवून आपल्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. आधी नुसती हवा आली. मग घसा खरवडत, जड, पण स्पष्ट आवाज आला.

“येते.”

धाकटीला वाटलं, आपणच बोललो. पण तिचं तोंड मिटलेलं होतं.

“आवाज काढला!” मुलगा गुडघ्यांवर बसला. “आई, काय? काय म्हणालीस?”

“घशाचा आवाज आहे,” थेरपिस्टबाई हळुवारपणे म्हणाल्या. “असं होतं कधीकधी. शब्द नाही तो.”

आणि खरंच, तिथं उभ्या असलेल्या माणसांत तो शब्द आहे हे कळणारं एकच माणूस होतं. ते माणूस नुसतं सुट्टीतलं पाहुणं होतं, त्याला भाषा धड येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर बाईंचा नियम आपण पहिल्या दिवसापासून मोडला हे कबूल करावं लागणार होतं. धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“शब्द आहे,” ती म्हणाली. “माझ्या भाषेतला. मी त्यांच्याशी... माझ्या भाषेत बोलायचे. रोज.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “अर्थ काय त्याचा?”

“मी येते.”

“पण त्या तर चालल्या आहेत.”

“हो. आमच्यात जाणारा तसंच म्हणतो.”

बाईंनी राणीसाहेबांकडे वळून पाहिलं. “तू रोज म्हणतेस, म्हणून तुझं ऐकून म्हणाल्या असतील. पोपटसुद्धा म्हणतो.” त्यांचा सूर दुष्ट नव्हता. त्यांनी खुर्ची परत पलंगापाशी न्यायला लावली, वाकून राणीसाहेबांच्या डोळ्यांत पाहत म्हणाल्या, “पुन्हा म्हणा पाहू.” काही नाही. धाकटीनं स्वतः म्हणून दाखवलं. काही नाही. राणीसाहेब ताठ बसून खिडकीबाहेर बघत राहिल्या. मुलाचा चेहरा उतरला.

“इथे नाही म्हणणार त्या,” धाकटी एकदम म्हणाली. तिची भाषा चुकत होती, लिंग-वचन कुठल्या कुठे पळत होतं, पण आता तिला कशाची लाज वाटत नव्हती. “बसलेला माणूस कसा म्हणेल? निघतो तो म्हणतो. दाराशी न्या.”

मुलानं बाईंची वाट पाहिली नाही. त्यानं खुर्ची वळवली. पलंग मागे पडला, आजोबा मागे पडले. चौकट आली, आणि राणीसाहेबांचा डावा हात पुन्हा बाहेर आला. त्यांनी सगळ्या वॉर्डवरून नजर फिरवली, घरातून निघताना बाईमाणूस गॅस बंद केलाय ना बघते तशी.

“येते,” त्या म्हणाल्या.

उशीवाल्या आजोबांना अर्थ ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि हलवला.

धाकटीला वाटलं, आपण इतक्या दुपारी इथं बसून बडबडत होतो, आणि ही बाई त्या सगळ्या पसाऱ्यातून नेमकं तेवढंच उचलून घेत होती. कोण म्हणतं, कधी म्हणतं, कुठे उभं राहून म्हणतं. एवढी मोठी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर चालली होती आणि आपल्याला पत्ता नव्हता. तिला गलबलून आलं आणि ती सगळ्यांसमोर रडली.

थेरपिस्टबाईंनी चष्मा काढून पुसला. “कुठल्या भाषेतला, ते नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “खुर्ची आत घ्या.”

मुलगा त्या संध्याकाळी घरी जायला तयारच होईना. शेवटी उठला, दाराशी गेला, टोपी डोक्यावर चढवली आणि धाकटीला विचारलं, “मी पण तेच म्हणू?”

“म्हणा ना.”

“येते,” तो धिप्पाड मिशाळ माणूस आईकडे बघून म्हणाला. ‘येतो’ म्हणायचं असतं, हे सांगायला धाकटीनं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

घरी तिनं हे सगळं जेवताना सांगितलं. बाबांनी दोनदा सांगायला लावलं. भावजी म्हणाले, “म्हणजे या देशात आता मराठी बोलणाऱ्या आजी आहेत!” आई घास हातात धरून तशीच बसली होती. “कळलं तिला,” एवढंच ती म्हणाली. ताई उठली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं पर्स खांद्याला अडकवली, दार उघडलं आणि तिथंच घुटमळली.

“येते गं आई.”

आत बाबांना सापडलेल्या पान्याचा आवाज थांबला.

“ये,” आई म्हणाली.

सुट्टी संपेपर्यंत राणीसाहेबांना इथल्या भाषेतले काही शब्द आले. मुलाला हाक मारता आली. छत्री मात्र शेवटपर्यंत आली नाही. आणि व्यायामाला निघताना चौकटीपाशी हात बाहेर काढून ‘येते’ म्हणायचं त्या कधी विसरल्या नाहीत. नर्ससुद्धा आता तिथं आपोआप थांबायची.

शेवटच्या दिवशी धाकटीनं कार्डं नीट लावून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतं, आठवड्यानं कॉलेज सुरू होणार होतं. ती इथं पुन्हा येणार नव्हती. येण्यासारखं काही कारणच नव्हतं, आणि आली तरी राणीसाहेब असतील असं कोण सांगणार. सकाळपासून तिच्या डोळ्यांपुढे आईचा भाजी चिरतानाचा चेहरा येत होता. कुणाला वाट बघत ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. या बाईशी तर खोटं बोलायचंच नाही.

तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दाराशी गेली. थेरपिस्टबाई तिला निरोप द्यायला चौकटीजवळ उभ्या होत्या.

“जाते मी,” धाकटी म्हणाली.

राणीसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मान पुढे काढली, नीट ऐकू आलं नाही तर टेलिफोनवरची बाई काढेल तशी. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“ये,” त्या म्हणाल्या.

थेरपिस्टबाई पुढचा ‘ते’ ऐकायला वाकून थांबल्या. तो आला नाही. राणीसाहेब मान मागे घेऊन शांत बसल्या, बोलणं पुरं झाल्यासारख्या.

“आज अर्धाच आला,” बाई हळहळल्या. “दमल्या असतील. एरवी पूर्ण म्हणतात.”

हा शब्द आपण त्यांना कधी ऐकवला, आईची नक्कल करताना की कधीच नाही, ते धाकटीला आठवेना. तिचा एक पाय बाहेर होता. तो तिनं परत आत घेतला.

“अर्धा नाही बाई,” ती म्हणाली. “पूर्ण आहे.”

मग तिनं डोळे पुसले, राणीसाहेबांसमोर नीट उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “येते.”