मला नावं ठेवणारे तिघे

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल नाही. गाऱ्हाणं सांगायला आधी म्हातारं व्हावं लागतं, अंगावर गंज चढावा लागतो, असं तुम्हांला वाटत असेल. मला घरी येऊन पुरते तीन दिवसही झाले नाहीत. पण पहिल्याच दिवशी माझे जे हाल झाले, ते सांगितल्याशिवाय माझं इंजिन काही थंड व्हायचं नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कुणी माझ्या चाकांत तारा ओवल्या, कुणी टाकीला लाल रंग दिला. शेवटी एका चष्मेवाल्या बाईंनी माझा एकेक नट तपासला आणि सीटवर थाप मारून म्हणाल्या, "जा बाई, सुखानं चाल."

मला विकत घेतलं आत्यानं. घरातली सहा वर्षांची छोटी तिला आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणते. आत्या घरोघरी जाऊन शिलाई मशीन दुरुस्त करते. खांद्याला हत्यारांची जड पिशवी आणि रोज दोन बस बदलायच्या. "आता पिशवीही गाडीवर आणि मीही गाडीवर," असं ती शोरूममध्ये म्हणाली, तेव्हा मी आणखीच चकाकले. पण मला घरी न्यायच्या दिवशीच तिला तातडीचं काम आलं. मला आणायला गेला तिचा दादा, आणि तिथून माझे भोग सुरू झाले.

घर आलं तरी दादा थांबेना. गल्लीला पाच चकरा मारल्या आणि उतरून म्हणाला, "पिकअपच नाही हिला."

नव्या इंजिनाला सुरुवातीला दामटायचं नसतं, मित्रांनो. माझ्यासोबत आलेल्या पुस्तकात हे ठळक अक्षरांत लिहिलं आहे. पुस्तक वाचतंय कोण! तान्ह्या बाळाला कुणी शर्यतीत पळवतं का?

मग छोटीचे काका बसले. काका ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवतात. "जड आहे रे! रेडा हाकल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "आणि सीटवरून घसरायला होतं."

"काका, प्लास्टिक काढू का सीटवरचं?" छोटीनं विचारलं.

"छे, छे! मळेल सीट."

म्हणजे प्लास्टिक यांचं, आणि दोष माझा!

तिसरे समोरच्या घरातले मास्तर. ते गाड्या चालवायला शिकवतात, म्हणून त्यांचा शब्द म्हणजे निकाल. मला घेऊन ते बाजाराच्या पार टोकाला गेले. तिथे मी दोनदा खोकले, एकदा आचका दिला आणि बंद पडले. मला ढकलत घरी आणताना मास्तरांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला.

मग अंगणात माझी चिरफाड सुरू झाली. दादानं प्लग काढला, फुंकला, पुन्हा लावला. काकांनी इतक्या किका मारल्या, की त्यांची चप्पल उडून कुंडीत पडली.

"पीसच खराब आहे," काका म्हणाले.

"उद्या परत देऊन टाकू," दादा म्हणाला. "त्याऐवजी हलकी स्कूटर आणू. नाहीतरी छोटीच्या आत्याला ही कुठं झेपणार होती!"

"मी तेच म्हणणार होतो," मास्तर म्हणाले.

"पण आत्यानं अजून चालवलीच नाहीये!" छोटी म्हणाली.

"तू गप गं."

दादानं शोरूमला फोनसुद्धा लावला. लाल रंगाच्या आत मी काळीठिक्कर पडले. आत्यानं एकदाही न चालवता मी परत जायचं? तेही नापास होऊन?

तेवढ्यात आत्या आली. पिशवी खाली ठेवून तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. बंद पडलेलं मशीन दिसलं की आधी बोलायचं नाही, आधी ऐकायचं, ही तिच्या कामाची रीत. तिनं मला अलगद डावी-उजवीकडे हलवलं आणि टाकीला कान लावला. मग झाकण उघडून आत डोकावली.

"दादा, पेट्रोल किती टाकलंस?"

"मी? शोरूमवाल्यांनी भरूनच दिली असेल की!"

"मला वाटलं, दादानं भरलं," काका म्हणाले.

मास्तर आभाळाकडे बघू लागले. मित्रांनो, शोरूममधून निघताना माझ्या पोटात जेमतेम चार घोट होते, आणि त्यावर तिघांनी गाव पालथं घातलं होतं!

आत्यानं खाली वाकून पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला. राखीव घोटभर पेट्रोल खाली उतरलं आणि एका किकेत मी सुरू झाले.

"थांब गं, आधी मी एक चक्कर मारून बघतो," दादा पुढे सरसावला.

"तिघांचं बघून झालं ना? आता मी बघते." तिनं सीटवरचं प्लास्टिक टरकन ओढून काढलं, पिशवी मागे बांधली आणि हेल्मेट घातलं.

काय सांगू तुम्हांला! तिचा क्लच कसा हळुवार सुटला! बसमध्ये बसून तिनं शोरूममधून मागून नेलेलं तसलंच पुस्तक वाचून ठेवलं होतं, हे मला पहिल्या गिअरमध्येच कळलं. ना दामटणं, ना ब्रेकवर पाय. मी जड नव्हते, मरतुकडी नव्हते. मी आत्याची गाडी होते.

पंपावरून पोटभर पिऊन आम्ही परत आलो, तेव्हा तिघेही फाटकात उभे होते.

"कशी वाटली गं चालवायला?" काकांनी विचारलं.

"छान आहे," आत्या म्हणाली. "बिचारी तहानलेली होती."

म्हणून सांगते, मित्रांनो, यंत्र असो की माणूस, बंद पडलेल्याला नावं ठेवण्याआधी एकदा त्याचं झाकण उघडून आत बघा. आणि ज्याची गाडी, त्याला पहिली फेरी मारू द्या. काकांची चप्पल अजून कुंडीतच आहे; मी काही ती काढून देणार नाही.