राखेची रेघ आणि हिरवी तार

"वळलं! वळलं रे बाप्पा!"

सानगडीच्या बाहेर, तलावाच्या पाळीखाली, नागपूरच्या एका कंत्राटदाराचे फार्महाऊस होते. त्या दुपारी तिथल्या हिरवळीभोवती दीडदोनशे माणसे दाटली होती. हिरवळीवर पाटाएवढे, कासवाच्या पाठीचे एक यंत्र आपले आपण गवत कापत फिरत होते. ना माणूस, ना दोरी. ते राखेच्या पांढऱ्या रेघेपाशी आले, थबकले आणि मुकाट्याने मागे फिरले. बायांनी हात जोडले.

रेघेपलीकडे व्याघ्रचर्माच्या छापाच्या चादरीवर रेघेबाबा बसले होते. कंत्राटदाराने त्यांना पावसाळाभर तिथे ठेवून घेतले होते.

"लोखंडाले कान नाही, अक्कल नाही," बाबा गरजले. "तरी माझी रेघ वलांडत नाही. मग ताप क्या चीज है? साप क्या चीज है?"

डास मात्र रेघेला जुमानत नव्हते. ते हाकायला एक चेला मागे पंखा घेऊन उभा होता.

"आन रेघ तोडली तं काय होते, हे बी तुम्ही काल पाहिलं!" बाबांनी बोट रोखले ते टिकारामवर. टिकाराम मान खाली घालून उभा होता.

गर्दीच्या मागे पार्वताबाई छत्रीवर रेलून हे ऐकत होती. तिचे घर टिकारामच्या घराला लागून. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी ती आरोग्य केंद्रातली आयाची नोकरी संपवून घरी बसली. तेव्हापासून तिच्या कापडी पिशवीत एक जुना ट्रान्झिस्टर असे. टिकारामची नऊ वर्षांची अपेक्षा शाळेतून आली की दप्तर टाकून आधी त्याचीच खुंटी पिळायची.

ती पोर पाच दिवस तापाने फणफणत होती. बाबांनी टिकारामच्या घराभोवती राख ओढून सांगितले होते, "सात दिवस पोरगी रेघेबाहेर गेली नाही पायजे."

पार्वताबाईने पोरीच्या काखेत काळी खपली पाहिली होती, विडीने चटका दिल्यासारखी. "टिकाराम, बकरीसाठी गवताले गेली होती न ही? हा गवतातल्या बारीक किड्याचा चावा होय. आशाताईनं फोटो दाखवला होता. गोळ्यांनं बरा होते, पण वेळेवर. आजच ने साकोलीच्या दवाखान्यात."

टिकारामने ऐकले होते. काल भर पावसात त्याने पोरीला घोंगड्यात गुंडाळून, बायको सीताबाईला मागे बसवून गाडी काढली. आणि त्याच वेळी इथे हिरवळीच्या मधोमध यंत्र बंद पडले. लाल दिवा लागला. पाळीवर टिकारामची गाडी दिसताच चेला मोटारसायकलवर मागे धावला. "रेघ तुटली! यंत्र मेलं! आता पोरगी मरते!" सीताबाईने टाहो फोडला आणि गाडी पाळीवरूनच परत फिरली. तासाभराने यंत्र चालू झाले. आणखी काय पुरावा पाहिजे?

आज सकाळी पार्वताबाई गेली तेव्हा सीताबाईने दार अर्धेच उघडले. "आजी, येऊ नका. तुमच्यानंच रेघ तुटली."

त्या अर्ध्या दारातून तिने पोरीचे कण्हणे ऐकले, आणि तिला दुसरे दार आठवले. ती आठ वर्षांची असताना गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली होती. पुजाऱ्याने मंत्राने गाव बांधून टाकले. चारी दिशांना शिवेवर खिळे ठोकले, लिंबे कापली. पाच दिवस ना कोणी आत, ना कोणी बाहेर. तीन कोसांवर सरकारी डॉक्टर सलाइन लावत होता. बाप तिच्या थोरल्या बहिणीला, पंचफुलेला पाठीवर घेऊन शिवेपर्यंत गेला, खिळा पाहून परतला. तिसऱ्या दिवशी पंचफुला गेली. पटकीने खिळा ओलांडला होता. अडला तो बाप.

"दर्शन घ्या, दर्शन!" चेला ओरडला. लोक एकेक करून रेघेपाशी वाकू लागले. पार्वताबाईही वाकली. पिशवी राखेजवळ टेकली, आणि आत हळू आवाजात वाजणारा रेडिओ गाणे सोडून टर्र-टर्र करू लागला.

तिने पिशवी उचलली. गाणे. टेकली. टर्र-टर्र.

आरोग्य केंद्रात भिंतीतून तार गेली होती, तिथे रेडिओ ठेवला की असाच कुरकुरायचा. ती रेघेच्या कडेकडेने पिशवी धरून चालू लागली. रेघ वळली, तशी कुरकुर वळली.

"ए बुढे, काय करून राहिली?"

"दर्शन घेऊन राहिली, महाराज. माह्या रेडिओले बी घडवून राहिली."

कोणीतरी फिसकन हसले. पार्वताबाई खाली बसली आणि तिने छत्रीचे टोक राखेत खुपसले. दोन बोटे खोल गाडलेली हिरवी तार वर आली.

"करंट आहे! मरशील!" बाबा ताडकन उठले. लोक मागे सरले. धानाच्या बांधीत रानडुकरांसाठी सोडलेल्या तारेने माणसे मेलेली सगळ्यांना ठाऊक होती.

पार्वताबाईने हात आवरला. तारेवर एका जागी काळी चिकटपट्टी होती, नवीकोरी. तिने फार्महाऊसच्या राखणदाराला हाक मारली. "कवडू, ही पट्टी कोनाची?"

कवडू मागे सरू लागला.

"तिकडे पोरगी मरून राहिली, बाबू."

"माहीच, आजी," तो पुटपुटला. "करंट नाही जी. बारीक सिग्नल असते. नागपूरचे लोकं हिरवळीभोवती गाडून गेले. यंत्र तारेपाशी आलं का वळते. मांगच्या महिन्यात माही कुदळ लागून तुटली, तं मी पीळ देऊन पट्टी गुंडाळली. काल पानी शिरलं, जोड सुटला. तार तुटली का यंत्र थांबते, लाल दिवा लागते. मीच पुन्हा जोडली."

"काल कोनाले सांगितलं हे?"

कवडूने बाबांकडे पाहिले. "महाराजाले. पहिले त्यायलेच."

टिकारामने मान वर केली.

"झूठ! सिद्धीची परीक्षा पाहता?" बाबांचा आवाज चिरकला.

"परीक्षाच घेतो," पार्वताबाई म्हणाली. "कवडू, या कोपऱ्यातली तार काढ आन दोन हात आत मांड. राख राहू दे तिथंच."

कवडूने खुंट्या उपटल्या, तार उघडी मांडली. यंत्र घरघरत आले. तारेपाशी थबकले, वळले. राखेपर्यंत पोचलेच नाही. पुन्हा आले, पुन्हा तारेवरूनच फिरले. राखेची रेघ दोन हात मागे तशीच पडली होती, पोरांनी खेळून टाकलेल्या आखणीसारखी.

ते पाहायला टिकाराम थांबला नव्हता. तो घराकडे धावत सुटला होता.

पोलीस आले तेव्हा चादर होती, बाबा नव्हते. आठ दिवसांनी सापडले; जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. त्याने अपेक्षाचा गेलेला दिवस परत आला नाही. साकोलीहून तिला भंडाऱ्याला हलवले. ताप मेंदूपर्यंत गेला होता. डॉक्टर टिकारामला एवढेच म्हणाले, "एक-दोन दिवस आधी आणायचं होतं."

पोर वाचली. दिवाळीनंतर एका दुपारी ती भिंतीला धरून पार्वताबाईच्या ओसरीवर आली. मागे सीताबाई दारातच उभी राहिली. रेडिओवर गाणे चालू होते. अपेक्षाने खुंटी पिळली, पार शेवटपर्यंत. आवाज इतका वाढला की आवारातली कोंबडी पळाली.

तिने रेडिओ हलवून पाहिला. मग नको तितक्या मोठ्याने विचारले, "आजी, सेल संपले का?"

पार्वताबाईने तिचा तळवा धरून रेडिओच्या जाळीवर ठेवला. पोर जाळीची थरथर चाचपत राहिली. सीताबाई पदर तोंडात धरून खाली बसली.

यंत्र तारेने वळते, गोळ्यांनी ताप उतरतो, आणि दोन्हींचे कारण विचारले तर सापडते. विचारायला हवे, आणि वेळेवर विचारायला हवे. राखेची रेघ तापाला दिसत नाही, किड्याला दिसत नाही, मरणालाही दिसत नाही. ती दिसते फक्त लेकराला घेऊन निघालेल्या बापाला. त्याने ती पायाने पुसावी आणि पुढे जावे.