पडद्यावरची पट्टी

योगराज बोलत नाही, असं सगळे त्याच्या पाठीमागे म्हणत. तोंडावर म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण तो त्यावरही काही बोलत नसे. तसा स्वभावाने वाईट नव्हता बिचारा. सतराव्या वर्षी सुरतेच्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, शिरला तो आजतागायत तिथेच होता. अठ्ठेचाळीस लूम एका छताखाली खडखडायला लागले की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. तिथे सगळं हातवाऱ्यांनी चालतं. धागा तुटला तर दोन बोटं, धागा गुंडाळलेला बीम संपत आला तर फिरवलेलं मनगट, जेवायला चल म्हणायचं तर तोंडाकडे नेलेली मूठ. आता तो तिथला मास्तर होता, म्हणजे बिघडलेला लूम लावून देणारा. संध्याकाळी गोडादरा भागातल्या खोलीवर परतल्यावर त्याची जीभ जागी व्हायला वेळ लागे, आणि तोवर जेवणं उरकून आई अंथरुणं घालायला लागलेली असे.

अशा माणसाशी पारोळ्याच्या हर्षदाचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात योगराजची आई कलाबाई, वडील सुकलाल आणि हे दोघं. नवीन जोडप्याने कुजबुजायचं म्हटलं तरी घरात कोपरा नव्हता. शिवाय दोघं एकमेकांशी फार जपून बोलत. घरात सगळे अहिराणी बोलायचे, पण हे दोघं आपसात शुद्ध मराठी. बघायच्या कार्यक्रमात तशी सुरुवात झाली आणि मग ती सवय मोडायची कोणी, हा प्रश्नच होता.

हर्षदा येताना एक कॉम्प्युटर घेऊन आली होती. पारोळ्यात ज्या क्लासमध्ये ती शिकवायची, तिथल्या सरांनी तो लग्नात भेट दिला होता. जुना होता, विंडोज त्याला झेपत नव्हतं, म्हणून सरांनी त्यात हलकं लिनक्स टाकून दिलं होतं. खिडकीपाशी स्टुलावर तो मांडला आणि महिनाभरात तिला कामही मिळालं. पर्वत पाटिया भागातल्या एका छापखान्याला लग्नपत्रिकांचा मराठी मजकूर जुळवून देणारं कोणी हवं होतं. सुरतेत खानदेशी लग्नांना काय तोटा! वर-वधूची नावं, आजोबा-पणजोबांची नावं, पत्रिकेखाली पंचवीस पाहुण्यांची नावं, हे सगळं ती दिवसभर टाइप करायची.

त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, अगदी वरच्या कडेला, एक पट्टी होती. तशी प्रत्येक कॉम्प्युटरला कुठे ना कुठे असतेच, पण हिची गंमत अशी की ती हवी तशी लावता येई. घड्याळ डावीकडे हवं तर डावीकडे, उजवीकडे हवं तर उजवीकडे. नको ते काढा, हवं ते घाला, दोन वस्तूंमध्ये मोकळी जागा सोडा. हर्षदाने ती पट्टी आठ महिने हळूहळू लावत नेली होती. योगराजला मात्र लांबून तिथे बारीक बारीक चित्रांची गर्दी दिसायची.

आणि तिथेच घोळ झाला.

खात्यात एक रीत आहे. पाळी बदलताना आपला लूम पुढच्या माणसाला मोकळा करून द्यायचा. खांबाला बांधलेला रुमाल, खोचलेली तंबाखूची पुडी, चिंध्या, धाग्यांची गुंतवळ, सगळं काढून, कापसाची भुकटी पुसून मशीन हवाली करायची. ज्याच्याबद्दल मनात माया असेल, त्याची मशीन तर जास्तच घासायची. योगराजने एका सुट्टीच्या दिवशी हेच केलं. हर्षदा कलाबाईंबरोबर बाजारात गेली होती. त्याने कॉम्प्युटरचं झाकण खोललं, आतल्या पंख्यावरची धूळ ब्रशने काढली, स्क्रू आवळले, पडदा फडक्याने पुसला. मग मनात म्हणाला, आता पडद्यावरचंही स्वच्छ करून टाकू. पट्टीवर उजवं बटण दाबल्यावर यादी उघडते हे त्याने तिला करताना पाहिलं होतं. त्याने यादी उघडली आणि एकेक वस्तू काढत गेला. मशीन दरवेळी विचारायची, नक्की काढू का? हा म्हणायचा, काढ. शेवटी डावीकडे मेनू आणि उजवीकडे घड्याळ एवढंच उरलं. पट्टी कशी लख्ख झाली!

हर्षदा आल्यावर त्याने आठ महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य बोलून दाखवलं.

"तुझी मशीन आतून-बाहेरून साफ करून दिली आहे."

हर्षदाने पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बरं," ती म्हणाली, आणि भाजी निवडायला गेली.

त्याला वाटलं, आवडलं असावं. बघा आता! लूमच्या आवाजात जरासा फरक पडला तर ज्याला चार ओळी पलीकडून कळायचं, त्याला बायकोच्या त्या एका शब्दातलं काहीसुद्धा कळलं नाही.

पुढे दोन आठवड्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला खानदेशात सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. हर्षदाचा भाऊ श्रीरंग सणाच्या पाच दिवस आधी तिला न्यायला आला. जाताना तिने कॉम्प्युटरवर कापड झाकलं, सासू-सासऱ्यांच्या पाया पडली, आणि योगराजला म्हणाली, "येते." योगराजने मान हलवली. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. दुपारी सुकलाल शेजारी पत्ते खेळायला गेले, तशा कलाबाई त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"काय बोलना तू तिले?"

"काहीच नही बोलनू."

"तेच ते. आठ महिना व्हयनात, तू काहीच नही बोलना." कलाबाईंचा आवाज चढला. "लेवाले येवानी घाई करू नका, मीच कळाडसू, आसं सांगी गई ती माले. समजस का तुले?"

योगराजला समजलं. पहिल्या आखाजीला गेलेली सून न्यायला येऊ नका, मीच कळवीन म्हणते, याचा अर्थ लावायला शिक्षण लागत नाही. ती परत आली नाही तर? आजवर हा विचारच त्याच्या मनात आला नव्हता. ती घरात होती, आणि असणारच, असं तो बिनधास्त धरून चालला होता.

"पन मी कर्यं काय?"

"माले काय माहीत! पट्टीवर मनं सगळं व्हतं, आई, एवढंच म्हनी ती. कोनती पट्टी काढी तू? व्हती तशी लाई दे परत." आणि कलाबाई उठून आत गेल्या.

पट्टीवर ‘माझं सगळं’ म्हणजे काय, ते बघायला योगराजने कॉम्प्युटरवरचं कापड काढलं, स्टूल ओढलं आणि मशीन चालू केली. वरची पट्टी त्याने केली होती तशीच होती, रिकामी. दोन आठवडे ती तशाच पट्टीखाली बसून काम करत होती. तिने एक वस्तूही परत लावली नव्हती.

त्याने यादी उघडली. पट्टीवर घालता येतील अशा चाळीस-एक वस्तू तिथे होत्या. यातल्या तिच्या कोणत्या? घड्याळाशेजारी काय होतं? मधे काहीतरी निळं होतं की हिरवं? त्याने एक घातली, काढली, दुसरी घातली, तीही काढली. खात्यातल्या अठ्ठेचाळीस लूमपैकी कुठल्याचा कुठला नट ढिला आहे हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. आणि ज्या बोटभर पट्टीकडे त्याची बायको दिवसभर बघायची, तिथलं त्याला एकही नीट आठवेना. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

बऱ्याच वेळाने त्याने फोन लावला.

"हॅलो?" पलीकडे बायकांचा गलका होता. झोक्याची कडी करकरत होती. "काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

"हो. सगळे बरे आहेत." फोनवर हातवारे करता येत नाहीत, ही मोठीच पंचाईत होती. "मी पट्टी परत लावतोय. डावीकडून पहिलं काय होतं?"

गलका कमी होत गेला. ती फोन घेऊन बाजूला गेली असावी.

"मेनू," ती सावकाश म्हणाली. "तो आहेच ना."

"आहे. त्याच्या पुढे?"

"भाषा. मराठी, गुजराती, इंग्रजी. तिथे दाबलं की बदलते."

त्याने यादीत शोधून ती घातली. "झालं. पुढे?"

"पुढे हवामान होतं."

"सुरतेचं?"

"नाही. पारोळ्याचं."

योगराज यादीत हवामान शोधू लागला.

"इथे माझी आई उन्हाची शेतात जाते," हर्षदा म्हणाली. "किती तापलंय ते बघायची मी. बेचाळीसच्या वर गेलं की फोन करायची, आज जाऊ नको म्हणून."

त्याने हवामान घातलं, गावाच्या रकान्यात एकेक अक्षर शोधून पारोळा लिहिलं. पट्टीवर त्रेचाळीस उमटलं. "त्रेचाळीस दाखवतंय," तो म्हणाला. "तू सावलीत आहेस ना?" हे वाक्य त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्यालाच कळलं नाही.

"आहे," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा सैल झाला होता.

"यादीत कॅल्क्युलेटर दिसतंय. ते पुढे होतं का?"

"होतं. ते नका लावू. मलाच ते नको होतं, काढायचं राहून गेलं होतं. एवढं मात्र तुम्ही चांगलं केलं."

तो हसला. आतून कलाबाईंनी डोकावून पाहिलं आणि पुन्हा आत गेल्या.

"मग डोळे," ती म्हणाली.

"डोळे?"

"यादीत बघा, दोन डोळ्यांचं चित्र असेल. माउस जिकडे जाईल तिकडे ते बघतात."

ते डोळे सापडले. त्याने पट्टीवर घातले आणि माउस फिरवला. डोळे इकडे फिरले, तिकडे फिरले. "हे कशाला?"

"आई दुपारी झोपतात. बाबा बाहेर. तुम्ही खात्यात. कोणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटायचं," ती म्हणाली, आणि घाईने पुढे म्हणाली, "वेडेपणाच आहे. मग एक टायमर होता. रोज साडेसहाची घंटी लावलेली."

"साडेसहाला काय असतं?"

"सातला तुमची पाळी सुटते. साडेसातला तुम्ही घरी. साडेसहाला तांदूळ धुऊन ठेवायचे, सातला भात टाकायचा. टाइप करता करता वेळेचं भान राहत नाही ना."

आठ महिने ताटात वाफाळता भात पडत होता. तो आईचा हात समजून योगराज मुकाट जेवत होता. आणि मागचे दोन आठवडे? मागचे दोन आठवडेही भात गरमच होता. घंटी नसताना ती घड्याळावर डोळा ठेवून बसत असणार. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याने टायमर लावला, साडेसहा भरले, आणि ते दोनदा तपासून पाहिलं.

"आता घड्याळ," तो म्हणाला. "ते उजवीकडे कोपऱ्यात आहे. तिथेच होतं ना?"

"नाही, जरा अलीकडे. कोपऱ्यात रिकामी जागा होती."

"रिकामी? तिथे काय होतं?"

"काही नाही. मुद्दाम सोडली होती."

"कशासाठी?"

"तुमच्यासाठी." हर्षदा हळू बोलत होती. "वाटायचं, कधीतरी शेजारी येऊन बसाल. हे काय, ते काय, असं विचाराल. मग तुमचं काही असेल ते तिथे लावू. म्हणून ठेवली होती. तुम्ही बसलात, पण मी घरात नसताना. आणि सगळं पुसून ठेवलंत. मला वाटलं, या घरात माझं एवढंसंही तुम्हाला अडचणीचं होतंय."

"नाही गं," योगराज कळवळून म्हणाला. "आमच्या खात्यात ज्याच्याबद्दल वाटतं, त्याची मशीन साफ करतात. दुसऱ्या कोणाची एवढी घासली नसती मी."

पलीकडे तिने नाक ओढल्यासारखं वाटलं.

"हे मला कोणी सांगायचं?" ती म्हणाली.

त्याने घड्याळ धरून अलीकडे सरकवलं. कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढी जागा मोकळी झाली. ओठांवर आलेलं वाक्य शुद्ध मराठीत काही केल्या जुळेना. शेवटी त्याने शुद्ध मराठीचा नाद सोडूनच दिला.

"हर्षदा," तो म्हणाला, "तू नही ते माले घरमा करमत नही."

झोक्याची कडी लांबवर करकरत राहिली. त्याला वाटलं, फोन कटला. त्याने कानापासून काढून बघितला, तर चालूच होता.

"मंग लेवाले कव्हय येतस?" हर्षदाने विचारलं, तिनेही आता अहिराणीत.

"आते निघस." तो उभाच राहिला, स्टूल मागे कलंडलं.

हर्षदा हसायला लागली. लग्नापासून तिचं असं मोकळं हसू त्याने ऐकलं नव्हतं. हसता हसता तिला बोलताही येईना.

"आते नका येऊ," ती म्हणाली, "आखाजी ते व्हऊ द्या! पन तिकीट आजच काढी ठेवा."