स्वतः कसणारे डॉक्टर

दाताच्या डॉक्टरांचं शेत गेली अकरा वर्षं त्यांची चुलतवहिनी कसत होती आणि अनुदान मात्र डॉक्टर खात होते. योजनेत स्पष्ट लिहिलं होतं, पैसे जमीन स्वतः कसणाऱ्यालाच. कागदोपत्री कसणारे डॉक्टर. म्हणून तीन वर्षांतून एकदा, तपासणीच्या दिवशी, ते कोरे गमबूट घालून यायचे, त्यांना चिखल फासून घ्यायचे आणि बांधावर उभे राहून निरीक्षक साहेबांना उत्तरं द्यायचे. उत्तरं वहिनी पुरवायची. मजूर म्हणून ती साहेबांच्या पाठीमागे खुरपत बसे आणि बोटांनी खुणा करी : पाणी किती दिवसांनी, खत किती पोती. डॉक्टरांचा शेतीतला अनुभव अक्षरशः बोटांवर मोजण्याइतका होता.

वहिनीला शेतातला माल मिळे, आणि दर तपासणीला एक टूथब्रश. तिची कुरकुर नव्हती. त्या मालावरच तिचं घर चालत होतं.

यंदा बूट माखता माखता डॉक्टर म्हणाले, "वहिनी, एवढा हंगाम काढून घ्या. गोदामवाले मागे लागलेत, त्यांना देऊन टाकतो शेत."

"आणि मी काय करू?"

"आराम करा की आता. वय झालं."

वहिनी डॉक्टरांहून चार वर्षांनी लहान होती. तेवढ्यात साहेब आलेच. वहिनी नेहमीच्या जागी बसली, फक्त दोन्ही हात मातीत खुपसून.

"हे काय लावलंय?" साहेबांनी हिरव्या पानांकडे पेन केलं.

डॉक्टरांनी वहिनीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. बोट काही वर येईना.

"कोथिंबीर," डॉक्टर ठासून म्हणाले. "घरची आहे. वासच वेगळा!"

साहेबांनी वाकून एक रोप उपटलं. हातात वीतभर गाजर आलं.

"मुळं चांगली धरलीत तुमच्या कोथिंबिरीनं," साहेब म्हणाले. "डॉक्टर, शेत कोण कसतं?"

"ह्या! आमच्या वहिनी! खंडानं दिलंय त्यांना!" डॉक्टरांच्या तोंडून निसटलं.

साहेब वहिनीकडे वळले. "कधीपासून? यंदापासून असेल तर नुसता नावबदलाचा फॉर्म. आधीपासून असेल तर तितक्या वर्षांचं अनुदान यांच्याकडून वसूल करायचं, आणि बावीस फॉर्म मी भरायचे." एवढं बोलून त्यांनी केविलवाण्या नजरेनं घड्याळ पाहिलं.

डॉक्टर वहिनीच्या कानाशी लागले. "यंदापासून म्हणा. पाया पडतो."

"आठवून बघते हं, भावोजी. खंड किती वर्षांचा लिहून देताय?"

"दोन."

"आमच्या धाकटीला दुधाचे दात येत होते बघा तेव्हा..."

"पाच!"

"...म्हणजे ती आता सातवीत, तर..."

"दहा! साहेब, दहा वर्षं लिहा!"

"यंदापासून," वहिनी म्हणाली.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. गाडीच्या टपावर कागद ठेवून करार झाला. डॉक्टरांनी अशी सही केली, की जणू स्वतःचीच दाढ उपटत होते. गोदामवाल्यांना आता दहा वर्षं दुसरीकडे जागा शोधायची होती. अनुदानाला वहिनीचं नाव लागलं आणि साहेब फॉर्मचे रकाने भरू लागले.

"शेतीचा पूर्वानुभव?"

वहिनीनं मातीनं भरलेली नखं पदराआड घेतली. "नाही."

"मग तुम्ही नवशिक्या शेतकरी. तीन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं. खुरपं कसं धरायचं इथपासून सुरुवात."

"शिकवणार कोण?"

"मीच. सोमवारी दहाला या," साहेब म्हणाले. "आणि जरा मधूनमधून प्रश्न विचारा हो. मागच्या वेळी दीड दिवसातच माझं पुस्तक संपलं होतं."