थंडोबाची पुस्तिका

जावयाचं ते पत्र थंडी सरता सरता आलं होतं आणि उन्हाळा अर्धा होत आला, तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. टेबलाच्या खणात अगदी वरच होतं. पेन काढायला खण उघडला की पाकिटाचा कोपरा दिसायचा आणि मी पेन न घेताच खण लावून टाकायचो. ज्याची हयात दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात गेली, त्याला चार ओळी लिहिता येत नाहीत असं कसं म्हणू? मला त्या लिहायच्या नव्हत्या.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. लेक लहान होती तेव्हा काम घरीही आणायचो, आणि मी टेबलाशी बसलो की ती टेबलाखाली अभ्यासाला बसायची. खालून प्रश्न यायचे. ‘बाबा, हुरूप म्हणजे?’ ‘बाबा, अगतिक म्हणजे गती नसलेला का?’ मी मान वर न करता सांगायचो. कुणी विचारावं असं मला तेवढंच येतं. साधा स्क्रू पिळायचा तरी कुठल्या बाजूला, यावर मी आधी विचार करत बसतो. पण मैत्रिणींत वाद झाला की ती म्हणायची, ‘आमचे बाबा म्हणतात,’ आणि वाद तिथेच मिटायचा.

आता ती म्हणते, ‘हा म्हणतो.’

हा म्हणजे जावई. घरोघरचे एसी दुरुस्त करतो. मी त्याला मनातल्या मनात थंडोबा म्हणतो. एक तर धंदा तसला, आणि दुसरं म्हणजे त्याला चिडलेलं कुणी पाहिलेलं नाही. मी त्यासाठी थोडे प्रयत्न करून पाहिले आहेत. लग्न ठरलं तेव्हा मी त्याला विचारलं होतं, ‘वाचन वगैरे?’ तो म्हणाला, ‘वाचतो ना. कोड वाचतो.’ लेक हसून हसून बेजार झाली. माझ्या विनोदांना ती ओठ मुडपून हसते, मला वाईट वाटू नये एवढंच.

मागे एकदा मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन. फोन लेक घ्यायची, तो पुढच्या खोलीत जमिनीवर वायरींचा पसारा मांडून बसलेला.

‘ई-फोर दाखवतंय म्हणतात!’ ती स्वयंपाकघरातून ओरडायची.

‘मशीन कुठलं?’

‘चौकोनी दिव्याचं, जुनं.’

‘मग जाळी तुंबली असेल, आत बर्फ धरला असेल. थोडा वेळ बंद ठेवायला सांग.’

‘आणि या दुसऱ्या बाई आहेत, त्यांचंही ई-फोर.’

‘त्यांचं नवं आहे ना? मग पंखा गेलाय. हात लावू नका म्हणावं, मी येतो.’

मी न राहवून विचारलं, ‘एकच कोड, मग अर्थ दोन कसे?’

‘कंपनीगणिक वेगळा असतो, बाबा,’ तो म्हणाला. ‘नुसता कोड बघून चालत नाही. कुणाच्या मशीनवर आलाय ते आधी बघायचं.’

‘आणि ई म्हणजे?’

‘एरर. अहो, सोडा ना बाबा, तुम्हाला कशाला तो ताप!’ लेक म्हणाली. मायेनेच म्हणाली. पण ते ‘सोडा’ मला सोडेना. संध्याकाळी तो गप्प गप्प होता तर ती त्याला म्हणाली, ‘काय, आज ई-सिक्स वाटतं?’ आणि दोघंही फिसकन हसली. ई-सिक्स म्हणजे काय ते मला कुणी सांगितलं नाही. मी पेपर उघडला. तो सकाळीच वाचून झाला होता.

त्यानंतर त्याने स्वतः येऊन माझ्या पुस्तकांच्या खोलीत एसी बसवून दिला. दमट हवेने पुस्तकांना बुरशी धरते, असं लेकीने सांगितलं होतं. मी त्याचे जरा जास्तच आभार मानले, म्हणजे आपलेपणा दिसायला नको. एसी मी फारसा लावत नसे. लावला की थंड हवेऐवजी त्याचे उपकारच अंगावर येताहेत असं वाटायचं.

आणि मग ते पत्र. मी फोनवर दोन शब्दांपलीकडे बोलत नाही, कागदावर मात्र माझा विश्वास, हे लेकीनेच त्याला सांगितलं असणार. लिहिलं होतं, ‘कोड दिसला की गिऱ्हाइकं घाबरतात. पुष्कळदा काही बिघडलेलं नसतं, घरच्या घरी होण्यासारखं असतं. म्हणून कोडांची एक लहान पुस्तिका काढायची आहे. पुस्तिका आपण लिहावी असं मनात आहे. हिलाही तसंच वाटतं. पानं पाठवतो आहे. डावी बाजू मी भरली आहे, उजवी कोरी ठेवली आहे.’

आपण! समोर असताना हा मला ‘बाबा, तुम्ही’ म्हणतो, आणि पत्रात एकदम आपण, एखाद्या बड्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. शिवाय ‘लिहावी’. म्हणजे राबायचं मी आणि नाव व्हायचं त्याच्या धंद्याचं. ‘हिलाही तसंच वाटतं’ यावर तर मी बराच वेळ बसून होतो. दोघं जेवताना बोलली असतील, म्हाताऱ्याला काहीतरी उद्योग देऊ या म्हणून. आणि ती कोरी बाजू! स्वतः अर्धं खरडून उरलेलं माझ्याकडे ढकललं होतं, शाळेतल्या पोराला गाळलेल्या जागा भरायला द्याव्यात तसं. मी सगळं पाकिटात घालून खणात टाकलं.

परवा दुपारी उकाडा सोसवेना म्हणून एसी लावला. थोड्या वेळाने हवा कोमट यायला लागली आणि मशीनवर अक्षर लुकलुकलं. ई-फोर.

फोन करायचा नाही, हे मी आधी ठरवलं. बाकी काय करायचं ते नंतर. शेवटी खण उघडला. पानांसाठी उघडतो आहे, पत्रासाठी नव्हे, असं स्वतःला बजावलं. माझ्या मशीनचं चित्र सापडलं, त्याखाली ई-फोर सापडलं. डावीकडे लिहिलं होतं, ‘जाळी धुवावी. मशीन बंद करून मग चालू करावं.’ उजवीकडे कोरं.

मी स्टुलावर चढलो. जाळी म्हणजे जिथून हवा येते त्या पट्ट्या असणार. त्या ओल्या फडक्याने एकेक करून पुसल्या. रिमोटने मशीन बंद केलं, चालू केलं. ई-फोर. पुन्हा पुसल्या. पुन्हा ई-फोर.

आणि मला आनंद झाला. घामाने निथळत, एका हातात फडकं धरून स्टुलावर उभा असताना इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. थंडोबा चुकला होता! मी उतरून लाल पेन घेतलं आणि समासात लिहिलं, ‘जाळी – कोणती? बंद – रिमोटने की भिंतीवरच्या बटणाने?’ दोन्ही प्रश्नचिन्हं मोठी काढली. मग फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं.

फोन लेकीने घेतला. ‘बाबा! तुम्ही आणि फोन? बरं आहे ना सगळं?’

‘मला काय धाड भरलीये? तो आहे का?’

‘कामावर गेलाय. कुठेतरी शिडीवर लटकत असेल. मला सांगा ना.’

‘ती पानं बघितली. जाळी धुवा म्हणे! अगं, जाळी म्हटलं की माणूस त्याला दिसेल ती जाळी धुणार. एवढंही ज्याला कळत नाही त्याने लिहायला बसावं, याला धाडस लागतं. सांग त्याला.’

मी लाल पेनाला टोपण लावलं.

‘ते वाक्य माझं आहे, बाबा.’

‘तुझं?’

‘त्याने लांबलचक लिहिलं होतं. समोरचं झाकण वर उचला, आत प्लास्टिकची चौकट आहे, तिला बारीक जाळी आहे, ती हळूच ओढा, आणि काय काय. मी सगळं छाटलं. कमी शब्दांत लिहावं, असं तुम्हीच सांगत आलात ना?’

मी खुर्चीत टेकलो. ‘मग ठीक आहे. आटोपशीर आहे तसं.’

‘वा! त्याचं होतं तर धाडस, माझं निघालं तर आटोपशीर?’

‘तसं नाही गं.’

‘तसंच आहे. त्याचं काही म्हणून कधी चांगलं म्हणाला आहात? जाऊ दे. सोमवारी छापायला देतोय आम्ही. तुमची वाट बघून झाली.’

आम्ही. मुद्रितं तपासणाऱ्याला आम्ही कशाला म्हणतात ते सांगावं लागत नाही. त्यात समोरचा धरलेला नसतो. तिचं अख्खं बालपण आम्ही दोघांनी मिळून ‘आपण’ म्हटलं होतं, आणि आता मी त्या शब्दाच्या बाहेर, फोन कानाला लावून. माझा तोल गेला.

‘द्या ना मग! मी काय त्याचा कारकून आहे? म्हणे, पुस्तिका आपण लिहावी! सासऱ्याला आपण म्हणतो, गिऱ्हाइकाला म्हणावं तसं!’

‘काय म्हणतो?’

मी वाक्य म्हणून दाखवलं. पत्र समोर घ्यावं लागलं नाही.

मग तिच्याकडून असा काही आवाज आला, की हसते आहे की रडते आहे ते कळेना.

‘अहो बाबा! आपण म्हणजे तुम्ही नाही, आपण म्हणजे आपण! तुम्ही आणि तो! त्याने जन्मात कुणाला अदबीने आपण म्हटलेलं नाही, त्याला ते जमणारच नाही. तसलं आपण फक्त तुमच्या पुस्तकांत असतं.’

मी म्हणालो, ‘आणि ती कोरी बाजू?’

‘तुमची. मशीनला काय झालंय ते डावीकडे तो सांगणार, आणि माणसाने काय करायचं ते उजवीकडे तुम्ही, साध्या भाषेत. त्याचीच कल्पना. मी म्हटलं होतं, बाबांच्या पचनी पडणार नाही. पण ऐकतोय कुठे! रोज घरी आला की पहिलं विचारायचा, बाबांचं काही आलं का. हल्ली विचारत नाही.’

मी ई-फोरचं पान पुढे ओढलं.

‘तुमचं मशीन बंद पडलंय ना?’ तिने विचारलं. ‘म्हणून पानं काढलीत.’

‘हो.’

‘झाकण वर उचला. आणि बंद भिंतीवरच्या बटणानेच करायचं. स्टुलावर जपून चढा.’

झाकणामागे जाळी होती आणि जाळीवर धुळीचा गालिचा. धुतली, सुकवली, बसवली, बटण दाबलं. थोड्या वेळाने ई-फोर गेलं आणि गार हवा आली. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याने माझी लेक नेली याची असूया तर जुनीच होती. आता ही नवी भर. मी त्याच्या जागी असतो तर तिसऱ्या दिवसापासून वाट बघणं सोडलं असतं, वर चार लोकांत बोलूनही दाखवलं असतं. हा रोज विचारत राहिला. चांगुलपणातही थंडोबा माझ्या पुढे!

पण मी तसाच बसून राहिलो असतो तर सोमवारी पुस्तिका छापायला गेली असती. ‘आम्ही काढली’ म्हणत लेकीने ती मला आणून दाखवली असती, आणि मी पाहुण्यासारखी चाळली असती. ते मला सोसलं नसतं. मी टेबलाशी बसलो आणि उजवी बाजू भरायला घेतली.

ई-फोरसमोर लिहिलं, ‘घाबरू नका, काही जळलेलं नाही. आधी भिंतीवरचं बटण बंद करा. मग समोरचं झाकण वर उचला.’ पुढे डावीकडे ई-सिक्स लागलं. तिथे त्याने लिहिलं होतं, आतल्या आणि बाहेरच्या मशीनचं बोलणं तुटलं. तेव्हा कुठे मला त्यांचं ते फिसकन हसणं समजलं. मी समोर लिहिलं, ‘हे दोघं आपापसात बोलत नाहीत. तुम्ही मध्ये पडू नका, कारागिराला बोलवा.’ लिहून झाल्यावर मी एकटाच हसलो. ती दोघंही हसतील का, हे बघायला मला आवडलं असतं.

एका ठिकाणी मात्र अडलो. पहिल्याच पानावर त्याचं वाक्य होतं, आणि ते त्याचंच होतं, लेकीचं नव्हे, कारण त्यावर तिने पेन्सिलीने केलेली आणि परत पुसून टाकलेली काटछाट पुसटशी दिसत होती. ‘कोड आला म्हणजे मशीन बिघडलं असं नाही. मशीन म्हणतंय, जरा माझ्याकडे बघा.’ मी लाल पेन धरून ते वाचलं. पुन्हा वाचलं. एखादा शब्द हलवता येतो का पाहिलं, स्वल्पविराम सुचवावा का पाहिलं. काही सापडेना. सापडलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, ‘चांगलं आहे. हात लावू नये.’ एवढे शब्द लिहायला मला बाकी सगळ्या पानापेक्षा जास्त वेळ लागला.

पत्राचे मसुदे बरेच फाडले. एकात तब्येतीचं कारण होतं, एकात डोळ्यांचं. शेवटी लिहिलं, ‘तुमचं वाक्य मी चुकीचं वाचलं, म्हणून उत्तराला उशीर झाला. उजवी बाजू भरली आहे. जाळीचं तुमचं मूळ लांबलचक तेवढं परत घाला. काही ठिकाणी आपलं जमलेलं नाही, समोरासमोर बसून बघू.’

पाकिटावर हाताने आपोआप लेकीचं नाव लिहिलं. मी त्या नावाकडे बघत राहिलो. तिच्या हाती पडलं तर आधी ती फोडणार, आधी ती वाचणार, आणि त्याला म्हणणार, ‘बाबा म्हणतात.’ मोह मोठा होता. मी ते पाकीट फाडलं, दुसरं घेतलं आणि त्यावर जावयाचं नाव लिहिलं. फक्त त्याचं.

सकाळी पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंना विचारलं, ‘सोमवारच्या आत पोचेल ना?’

‘आत्ता पेटीत टाकलंत तर पोचेल, आजोबा,’ त्या म्हणाल्या. ‘असं धरून उभे राहिलात तर नाही.’

पाकीट जाड होतं, पेटीच्या तोंडाशी अडकलं. मी तळव्याने ते आत ढकललं.